पुलपिटाच्या खणातली गोळी

मी एका चर्चमधलं जुनं पुलपिट बोलतोय. पाळक ज्याच्यामागे उभे राहून उपदेश करतात, ते मी. जाड लाकडाचं अंग, वर पवित्र शास्त्र ठेवायला उतरती फळी, आत चष्म्या-पाण्यासाठी खण.

माझे पहिले पाळक जरा रटाळच. पाप, कृपा, तारण, शब्द न् शब्द शास्त्राशी ताडून सांगायचे. अर्धी मंडळी पेंगायची. कोणी आजारी पडलं की म्हणायचे, "प्रार्थना करू आणि डॉक्टरांकडेही जाऊ. बरं नाही वाटलं, तरी देवाने हात सोडला असं समजू नका." हे ऐकायला कधी गर्दी झाली नाही.

मग नवे पाळकसाहेब आले. सुटाबुटातले, हसतमुख. त्यांच्या उपदेशात पाप औषधालाही सापडायचं नाही. विश्वास ठेवा, घर मिळेल, गाडी मिळेल, दुखणं पळेल. चर्च तुडुंब भरू लागलं. शिकवण खरी की खोटी हे विचारायला सवड कोणाला? जादा खुर्च्या लावायच्या होत्या.

एका रविवारी साहेबांनी नवी टूम काढली. ज्यांचा विश्वास पक्का, त्यांनी आपली औषधं आणून माझ्यावर ठेवायची. बाई पुढे आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळ्यांच्याच बाई. दर शनिवारी मला पुसणाऱ्या. त्यांनी मधुमेहाच्या गोळ्या ठेवल्या. टाळ्या पडल्या.

पुढे बाईंच्या पायाला जखम झाली आणि चिघळत गेली. साहेब हळहळले. "बाई, विश्वास कुठेतरी कमी पडतोय हो."

त्या शनिवारी बाई मला पुसता पुसता रडल्या. पाय ठणकत होता म्हणून नव्हे, आपण देवाला नकोसे झालो म्हणून. माझा नुसता संताप झाला. कारण साहेबांची रक्तदाबाची गोळी माझ्याच पोटात होती. उपदेशाआधी खाली वाकून ते ती गिळायचे. लोकांना वाटायचं, प्रार्थना करताहेत.

बाईंनी पुसायला खण उघडला आणि पाकीट हाताला लागलं. वर साहेबांचं नाव.

रविवारी बाई लंगडत पुढे आल्या. पाकीट माझ्यावर ठेवून म्हणाल्या, "साहेब, ही तुमची. माझ्या मला परत द्या."

"अहो, ती जीवनसत्त्वाची आहे."

"मग राहू दे इथेच."

साहेबांचा हात काही पाकिटावरून निघेना.

बाई त्याच दुपारी दवाखान्यात गेल्या. पायाचं एक बोट गेलं, पाय वाचला.

मंडळीची तातडीची सभा बसली. बराच खल झाला आणि शेवटी दोष सापडला: माझा खण. मला व्हरांड्यात काढलं. आत काचेचं पुलपिट आलं, आरपार दिसणारं. उपदेश तोच, औषधांची रांगही तीच.

आज मी इथे ओल्या छत्र्या सांभाळतो. आत्ताच एक बाप लेकीचा दम्याचा पंप मुठीत धरून माझ्यासमोरून आत गेला. मला हलता येत नाही. तुम्ही शास्त्र वाचणारी माणसं आहात. त्याला हाक मारा.