खंडेनवमीची चढण

मित्रांनो, मनुष्याच्या एका बाजूला त्याने दिलेला शब्द उभा असतो आणि दुसऱ्या बाजूला त्याने पाळत आणलेला नेम. बहुधा ते एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. परंतु एखाद्या दुपारी दोघेही एकदम हाक मारतात. तेव्हा एकाला मान देताना दुसऱ्याचा अवमान होऊ न देणे फार कठीण असते. अशा एका दुपारी सयाजी मिस्त्री पेचात सापडला होता आणि पणाला लागले होते माझे प्राण.

मी एक जुनी, उघड्या टपाची मोटार आहे. माझा जन्म परदेशी झाला, परंतु माझे आयुष्य साताऱ्यात गेले. डॉक्टर गोपाळकृष्ण मला घेऊन कृष्णाकाठच्या गावोगावी रुग्ण पाहायला जात. शेजारच्या आसनावर त्यांच्या पत्नी गोदावरीबाई दारावर कोपर टेकून स्वस्थ बसत. वेशीत शिरताच मुले मागे धावत, म्हातारी माणसे हात जोडत. तो नमस्कार डॉक्टरांना असे. थोडा मीही ठेवून घेत असे.

डॉक्टर निवर्तले. एका नातलगाने दुधाचे कॅन वाहण्यासाठी माझी दारे काढली आणि मागचा अर्धा भाग कापून टाकला. पुढे तो धंदाही बसला. मी परसात पडले आणि माझ्या आसनावर कोंबड्या अंडी घालू लागल्या. मित्रांनो, मला त्यांचा राग नाही. त्या काळात माझा उपयोग फक्त त्यांनाच होता.

१९९५ साली गोदावरीबाईंनी लेकीकडे पुण्याला राहायला जायचे ठरवले. भंगारवाले नानासो मला घेऊन जाणार, असे ठरले. तेवढ्यात मुंबईहून शौनक नावाचा तरुण आला. दूरदर्शनवरच्या एका मालिकेसाठी त्याला संस्थानी काळातल्या डॉक्टरची मोटार हवी होती.

"यवतेश्वरचा घाट ही स्वतःच्या बळावर चढली, तर हीच घेऊ," तो म्हणाला.

"दसरा झाला की चढून दावतो. शब्द हाय माझा," शेजारच्या कारखान्यातला सयाजी म्हणाला.

नानासो हसले. "चढली तर चढली गड्या. न्हाई तर माझा काटा हायेच."

सयाजी ट्रकच्या बॉड्या बांधत असे. माझा नकाशा कोठेच नव्हता. त्याने गोदावरीबाईंना स्टुलावर बसवले.

"आवं बाईसाब, दार केवढं हुतं?"

"ते कसं सांगू रे? पण कोपर इथे टेकायचं. अगदी इथे."

त्याने त्या उंचीवर पट्टीला खडूची खूण केली आणि कोपरापासून खाली माझे दार बांधले. वाळूच्या पोत्यावर पत्रा ठोकून त्याने मडगार्डांना बाक दिला. फक्त मागची बाजू करताना हाताची सवय आड आली. त्याने तेथे ट्रकसारखा खाली पडणारा फाळका बसवला, वर साखळीही लावली.

बाई पाहतच राहिल्या. "सयाजी, मी काय ऊस आहे का, मागून ओतायला?"

सारा कारखाना हसला. सयाजीने लाजून फाळका काढला आणि माझी पाठ गोल केली. इंजिनही त्यानेच जागे केले.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. हातोडे, पाने, कथिल वितळवून चिरा झाळण्याची कय्या, सारे धुऊन पाटावर मांडले होते. तोच शौनक धावत आला.

"मिस्त्री, दिग्दर्शक आज संध्याकाळीच मुंबईला परत निघालेत. चढण आजच दाखवावी लागेल."

"आजच? बरं. यवतेश्वराच्या देवदर्शनाला निघाली म्हणायचं," म्हणत सयाजीने मला सुरू केले. परंतु माझ्या खाली थेंब पडू लागले. रेडिएटरला केसाएवढी चीर गेली होती.

"झाळा ना मग! दोन मिनिटांचं काम," शौनक म्हणाला.

"आज हत्यार उचलत न्हाई, सायेब. वरीसभर माझ्यासाठी राबत्यात ती. एक दिस त्यास्नी इसावा."

"दे, दे इसावा," पूजेला आलेले नानासो म्हणाले. "उद्या हिलाबी कायमचाच हाय."

सयाजीचा हात पाटाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. माझ्यापायी त्याचा नेम मोडू नये, असे मला मनापासून वाटले. आणि जगावे, असेही वाटले.

इतक्यात त्याची पत्नी बनुबाई हळदीचा डबा घेऊन पुढे आली.

"हत्यार उचलायचं न्हाई, कबूल. हळद उचलायला कोण नगं म्हणतंय? आमच्या सांगलीकडं टरकवाले काय करत्यात? रेडिएटर गळला की मूठभर हळद सोडत्यात. चीर बुजती."

सयाजीने कपाळावर हात मारला. "आगं, हे मीच समद्यास्नी सांगतोय की! ही परदेशी म्हणून ध्यानातच आलं न्हाई."

"का? परदेशी बाईला हळद लागत न्हाई व्हय?"

तिने मुठीने हळद सोडली. थोड्या वेळाने थेंब विरळ झाले, मग थांबले.

मित्रांनो, त्या दिवशी मी घाट चढले! बाई शेजारी बसल्या होत्या. वळणामागून वळण मागे पडत होते, खाली सातारा लहान होत होता आणि माझा आवाज डोंगरावर आपटून परत येत होता. एका वळणावर श्वास अडखळला. सयाजी पुटपुटला, "चल गं माय," आणि मी चालले. माथ्यावर दिग्दर्शक उभे होते. त्यांनी मला एक प्रदक्षिणा घातली आणि एवढेच म्हणाले, "हीच."

शौनकने आनंदाने माझ्या रेडिएटरवर थाप मारली. त्याचा तळवा पिवळा झाला.

फटफटीवरून मागे आलेले नानासो म्हणाले, "सायेब, तुमास्नी हळद लागली. आता मुंडावळ्या बांधा!"

दुसऱ्या दिवशी त्याच नानासोंनी सयाजीच्या हातावर आपट्याचे पान ठेवले. "मिस्त्री, हरलो गड्या," म्हणत त्यांनी त्याला मिठी मारली. पुढे मी घराघरांतल्या पडद्यावर धावले. पुण्यात बाई शेजारणींना सांगत, "ही आमची."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा. त्यांना मोडीत काढण्यापूर्वी एकदा त्यांच्याजवळ बसा. त्यांना वापरणाऱ्या थोरांना विचारा. आणि ज्यांनी मला पुन्हा रस्ता दाखवला, त्या सयाजीच्या हातांना बळ लाभो, बनुबाईचे घर भरलेले राहो, गोदावरीबाईंची सायंकाळ शांत जावो. नानासोंचेही भले होवो.