कपाशीतला चर

भाद्रपदातल्या संततधारेचा तो तिसरा दिवस. राजूरपासून कोसभरावर ते गाव, आणि गावाच्या वरच्या अंगाला मातीच्या बांधाचा तलाव. साल १९५५. मुकुंद हैदराबादच्या कॉलेजात उपयोजित गणित शिकवायचा. गणपतीला म्हणून घरी आला होता. सकाळी आठला त्यानं खुणा केलेली काठी पाण्यात रोवली आणि दर पंधरा मिनिटांनी वहीत आकडा टिपायला लागला.

अकराला तो बांधावर जमलेल्या माणसांकडे आला.

"चारच्या सुमाराला पाणी बांधावरून जाईल. सांडवा पुरत नाही. उत्तरेला चर खोदला तर वाचू."

उत्तरेला रखमाजींची सहा एकर कपाशी होती, पात्याफुलांवर आलेली.

"काठी बघून सांगून राह्यलास का?" रखमाजी म्हणाले.

"काठी आणि हिशोब, काका. तलाव वर रुंद होत जातो, पाणी हळू चढतं. तेही धरलंय."

"अन् हिशोब चुकला तर?"

"चुकू शकतो."

बांधाखाली चाळीस घरं होती, त्यांतलं पहिलं रखमाजींचं. ते खाली घरापर्यंत गेले आणि फावडं घेऊन आले. पहिला घाव त्यांनीच घातला.

वीस माणसं राबली. अडीचला चरातून पाणी सुटलं आणि कपाशी मुळासकट वाहून गेली. चारला पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर थांबलं होतं.

दोन दिवसांनी, जिथलं पाणी या तलावात उतरतं त्या वरच्या गावची माणसं आली. तिकडे त्या दिवशी बाराच्या आतच पाऊस थांबला होता. मुकुंदनं ते धरून पुन्हा मांडणी केली. दोनदा तपासली. मग वही तशीच उघडी टाकून तो रखमाजींच्या घरी गेला.

"काका, चर नसता खोदला तरी बांध टिकला असता. दोन बोटं शिल्लक राहिली असती."

रखमाजी म्हणाले, "सहा एकर गेलं, मुकुंदा. तू शिकलेला माणूस. तुला कळाया पाहिजे होतं."

"वर पाऊस थांबल्याचं मला ठाऊक नव्हतं."

त्यांची बायको, नंदाबाई, दारात उभी होती. तिनं दोन बोटं चौकटीवर आडवी ठेवली. "एवढंच ना? एवढ्यावर तू आम्हाला घरात बसू दिलं असतं का रे?"

"नाही."

"मंग झालं."

पण रखमाजी उठून आत गेले. त्या वर्षी ते मुकुंदशी बोलले नाहीत.

तीन वर्षांनी मुकुंद कॉलेज सोडून पाटबंधाऱ्यांच्या कामावर रुजू झाला. पहिल्याच बैठकीत त्यानं मागणी केली: तलावांच्या वरच्या गावांत पाऊस मोजायची भांडी, आणि आकडा घेऊन येणारा सायकलवाला. साहेबांनी विचारलं, किती गावं? त्यानं अकरा नावं घडाघडा सांगितली.