तीन बोटं

दसरा झाला आणि काकासाहेबांच्या कोंबड्यांनी पिसं टाकायला सुरुवात केली. आठ दिवसांत खुराड्यात पिसांचा सडा पडला, कोंबड्यांच्या माना उघड्या पडल्या आणि अंडी बंद झाली.

रूपाला यात नवल वाटलं नाही. पडेगावच्या त्या फार्महाऊसवर कोंबड्यांचं सगळं तीच बघायची. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "काकासाहेब, आता दीड-दोन महिने अंडं नाय. जुनी पिसं टाकून नवी येतेत, सगळी ताकद तिकडंच जाती." काकासाहेब मोबाईलमध्ये बघत "हं हं" म्हणाले. या माणसानं ऐकलं काय आणि नाही काय, सारखंच.

गेल्या साली याच दिवसांत त्यांना रोज अंडी मिळाली होती. तेव्हा कोंबड्या कोवळ्या होत्या आणि कोवळी कोंबडी पहिल्या वर्षी पिसं टाकत नाही. पण काकासाहेबांच्या घराण्यानं गंगापूरला पिढ्यान् पिढ्या कोंबड्या पाळल्या त्या दुसऱ्याच्या हातानं. त्यांना ठाऊक होतं ते एवढंच, की गेल्या साली अंडी होती आणि यंदा नाहीत.

मग एका संध्याकाळी ते रूपाच्या गल्लीत आले. विहाराच्या कट्ट्यावर चार बायका बसल्या होत्या. रूपाच्या दारात भुशाची टोपली होती आणि टोपलीत अंडी. तिच्या स्वतःच्या तीन तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, यंदाच अंड्यावर आल्या होत्या. काकासाहेबांनी न विचारता टोपलीत हात घातला.

"माझ्याकडं एक नाय अन् तुझ्याकडं टोपली भरलेली. आता मला शिकवू नको रूपा, मी काय कालचा नाय."

एवढं बोलून ते गाडीत बसले. कट्ट्यावरच्या बायका एकदम चपला शोधायला लागल्या. रूपाच्या डोक्यात जाळ झाला. दहा वर्षं तिनं लोकांची घरं, लोकांच्या किल्ल्या सांभाळल्या होत्या, आणि चोर ठरायला तिला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

रात्री ताटावर बसल्यावर तिची कॉलेजात जाणारी लेक सायली हळूच म्हणाली, "आई, तू नाय ना गं आणली तिकडून?"

 रूपाचा घास तसाच हातात राहिला.

सकाळी तिनं एक तलंग पिशवीत घातली आणि तडक फार्महाऊस गाठलं. काकासाहेब ओसरीवर चहा पीत होते. तिनं त्यांचीच एक कोंबडी धरून आणली, उलटी केली आणि म्हणाली, "बोटं लावा इथं."

"कुठं?"

"शेपटीखाली दोन हाडं हायेत, त्यांच्या मधी. लावा, चावत नाय ती."

काकासाहेबांनी तोंड वाकडं करत बोट लावलं. एकच बोट कसंबसं मावलं. मग रूपानं आपली तलंग पुढं केली. तिथं तीन बोटं सहज बसली.

"अंड्यावरच्या कोंबडीची हाडं अशी फाकलेली असतेत. तुमच्या सगळ्या तपासा. एक बी अंड्यावर नाय. अन् मानंवर हात फिरवा, सुईसारखी नवी पिसं लागतील. जे अंडं घातलंच नाय, ते मी चोरणार कसं?"

काकासाहेबांनी सगळ्या कोंबड्या तपासल्या, मोठे तपासनीस लागून गेले होते. मग हात धुतले, टॉवेलला पुसले आणि हसले. "बरं बरं. जाऊ दे, झालं गेलं. एक कोंबडी घेऊन जा घरी तुला."

हे ऐकून मात्र रूपाचा तोल गेला. "कोंबडी नको मला. काल चार बायांसमोर बोललात, आज त्याच कट्ट्यापाशी या अन् चुकलं म्हणा."

"मी? तुमच्या गल्लीत येऊन?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"काल तर आला होतात, रस्ता ठाऊक हाये तुम्हाला." तिनं कमरेची फार्महाऊसची किल्ली काढली, त्यांच्या कपाजवळ ठेवली आणि पिशवी उचलून निघाली.

घरी सायली कॉलेजची तयारी करत होती. "काय म्हणले गं?"

रूपानं तलंग सायलीच्या मांडीवर ठेवली आणि तिची बोटं शेपटीखाली नेली. "हाडं लागली का? आता मोज. किती बोटं?"

"तीन," सायली म्हणाली. "पण मला कशाला मोजायला लावती?"

"त्यांना मोजून दाखवलं, त्याचं मला काय वाटलं नाय. तो माणूस परका हाये." रूपानं तलंग परत घेतली. "तुला बी मोजूनच दाखवावं लागलं."