भावोजींचा उलटा कान

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. छायाबाबांचा शिष्य एकेका भक्ताला खुर्चीत बसवी, फोटो काढी आणि पडद्याआड पळे. बाबा डोळे मिटून पुटपुटत, "ये, मायेच्या माणसा, ये." थोड्या वेळाने छापलेला फोटो बाहेर येई. खुर्चीत भक्त आणि मागे त्याचं वारलेलं माणूस, धुरकट, खांद्यावर हात ठेवून उभं. लोक ढसाढसा रडत. वारलेल्याचा एक फोटो मात्र आदल्या दिवशी मोबाइलवर पाठवावा लागे. कशाला? तर आत्म्याची ओळख पटावी म्हणून. त्रिकालज्ञानी बाबांना ओळखपत्र लागत होतं, आणि हे एकाही शहाण्याला खटकत नव्हतं.

त्या शहाण्यांत माझी थोरली बहीण होती. भावोजी जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबांकडून भावोजींसोबतचा असा फोटो मिळाल्यापासून ताईने रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या.

"यांचा हात खांद्यावर आहे तोवर औषध नको, असं बाबा म्हणालेत," ती म्हणाली. त्याच सकाळी ती भांडी घासताना भोवळ येऊन पडली होती. कपाळावर टेंगूळ आणि तोंडावर समाधान. मला तिचा संताप आला आणि भीतीही वाटली.

माझी बायको नुकतीच फोटो एडिटिंगच्या क्लासला जाऊ लागली होती. प्रगती यथातथाच. तिने तो फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "अगं बाई, हा कान तर माझा आहे."

"तुझा?"

"भावोजींच्या जुन्या फोटोला ओल लागून डावा कान गेला होता. मी उजव्या कानाची नक्कल करून तिथे चिकटवली. ती आरशातल्यासारखी फिरवून घ्यायची असते, हे क्लासमध्ये पुढच्या आठवड्यात शिकवलं. तोवर ताईंनी फ्रेम करून भिंतीवर लावलासुद्धा. बाबांना पाठवला तोही तोच."

बघतो तर खरंच, आत्म्याच्या डाव्या कानाची कड गालाला टेकली होती आणि भोक बाहेरच्या बाजूला होतं.

ताईला पटेना. मग तिला घेऊन आम्ही हॉल गाठला. बायकोने भर गर्दीत कानाबद्दल विचारलं.

"देह सुटल्यावर आत्मा रूप पालटतो, माई," बाबा म्हणाले.

"पालटू दे की. पण नेमकी माझीच चूक कशी उचलतो?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. बायकोने लॅपटॉप उघडला. ताईला खुर्चीत बसवून फोटो काढला, त्यावर जुन्या फोटोतले भावोजी कापून ठेवले, दुसऱ्या फोटोतला हात जोडला आणि सगळं फिकट करत नेलं. "आत्मा एवढा पुरे, की आणखी धुरकट हवा?" तिने विचारलं. बाबांना नेमकी तेव्हाच समाधी लागली. शिष्य प्रिंटर उचलून मागच्या दाराने पसार झाला.

"म्हणजे हे आलेच नव्हते?" ताईने विचारलं.

"नाही, ताई," बायको म्हणाली आणि तिला जवळ घेतलं. ताई खूप रडली. घरी आल्यावर तिने विचारलं, "गोळी जेवणाआधी घ्यायची होती ना?"

चमत्कार तिथे नमस्कार, ही आपली जुनी खोड. हात जोडण्याआधी निदान एवढं विचारा, की बाबांनी फोटो आधी का मागवला आणि पडद्याआड काय चालतं. गेलेलं माणूस पुन्हा दिसावं असं कोणालाही वाटतं, मलाही वाटतं. त्या दुःखावर दुकान थाटून तुमची औषधं सोडवणारा माणूस मात्र संत नव्हे. त्याला दारातही उभं करू नका.