अंड्याला झालेला मधुमेह

"पडला की नाही काळा? बोला, पडला की नाही?"

प्रार्थनेनं रोग बरे करतो म्हणणारा ब्रदर पिकेन्स व्यासपीठावरून गरजला आणि खाणकामगारांचा अख्खा हॉल उभा राहिला. त्याच्या चिमटीतला चांदीचा डॉलर काळाकुट्ट झाला होता. मघाशी तोच डॉलर लखलखत होता. आमच्या डोळ्यांदेखत त्यानं तो माझ्या धाकट्या भावाच्या पोटावर ठेवला, वर ऊन ऊन पोटीस बांधलं आणि तीन भजनं म्हणून घेतली. मधे कुणी हातही लावला नव्हता.

"हा बघा स्टेवोचा मधुमेह! चांदीनं ओढून घेतला! आजपासून इन्शुलिनची सुई बंद!"

बायका रडायला लागल्या. खाणीच्या धुळीनं छाती पोखरलेले म्हातारे खिशातले डॉलर चाचपू लागले. मी तेवढी बसून राहिले. असा संताप आला होता की उभी राहिले असते तर काहीतरी फेकून मारलं असतं.

अमेरिकेतल्या आमच्या मोंटानात चांदीच्या डॉलरवर लोकांचा भारी जीव. पगार हातात खणखणला पाहिजे, कागद काय चाटायचाय, असं आमचा बाप म्हणायचा. मी तीस वर्षं बँकेच्या खिडकीत बसून पोतीच्या पोती डॉलर वाटलेत. मग चांदी महागली, लोक नाणी घरात दडवायला लागले आणि एकोणीसशे चौसष्ट साली सरकारनं ती देणंच थांबवलं. एकाहत्तरला नवा डॉलर आला. आकारानं तेवढाच, पण बाजारात फिरणाऱ्या त्या नाण्यात चांदीचा कण नाही. आत तांबं, वर निकेल मिसळलेला पत्रा. जुने डॉलर मात्र घरोघरी कॉफीच्या डब्यांत जपून ठेवलेले होते.

ब्रदरला नेमके तेच लागायचे. "नव्या नाण्यावर देवाची कृपा नाही," म्हणायचा. आणि रोग भरलेलं नाणं घरी न्यायचं नाही, ते त्याच्या पेटीत टाकायचं. बदल्यात तो नवा कोरा डॉलर द्यायचा. लोक म्हणायचे, बघा, देवमाणूस! एक छदाम घेत नाही!

दोन दिवसांनी मी स्टेवोकडे गेले. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, तांब्यावर तांब्या पाणी ढोसत बसला होता. समोर अक्रोड भरलेला गोड पाव, अर्धा खाल्लेला.

"सुई घेतलीस?"

"फेकून दिली, ताई. आता कशाला?"

"अरे मुडद्या, मरशील! डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"डॉक्टरनं कधी डॉलर काळा करून दाखवला? तू स्वतः पाहिलंस ना? का मी रंगवला?"

"आज संध्याकाळी त्याच हॉलमध्ये तुला दाखवते. दाखवलं तर सुई घेशील?"

"घेईन. नाही जमलं तर तू ब्रदरच्या पाया पडायचं."

"पडेन!" म्हटलं. तो चालताना भिंतीला धरत होता. ते बघून मी दवाखान्यातून नवी सुई आणि औषध घेऊन ठेवलं.

संध्याकाळी मी सरळ व्यासपीठावर चढले. "ब्रदर, आज दोन पेशंट आणलेत. एक माझा भाऊ. त्याला तुमचंच पोटीस बांधा, पण खाली हा नवा डॉलर ठेवा."

"आणि दुसरा?"

मी फडक्यातून नुकतंच उकडलेलं अंडं काढलं. सोललं, कुस्करलं, त्यात चकचकीत जुना डॉलर खुपसला आणि फडकं आवळून बांधलं. "हा. गा आता भजनं!"

ब्रदर म्हणाला, "देवाची थट्टा चाललीय!" पण तोवर मीच स्टेवोला नव्या डॉलरवर त्याचं पोटीस बांधलं होतं. मागून कुणीतरी खुसखुसत सूर धरला आणि हॉल गायला लागला. तीन भजनं झाली. स्टेवोच्या पोटावरचा डॉलर जसा होता तसाच निघाला. मग मी फडकं सोडलं. नाणं काळंकुट्ट!

"ब्रदर, अहो या अंड्याला मधुमेह झालाय! प्रार्थना करा बिचाऱ्यासाठी!"

असा हशा उसळला की छप्पर दणाणलं. मी चमचाभर अंडं बाजूला काढून मीठ लावून सगळ्यांदेखत खाल्लं.

"हा सैतानाचा खेळ आहे!" ब्रदर किंचाळला. "माझ्या पोटिसात दैवी मुळ्या आहेत!"

"कसल्या मुळ्या?" पहिल्या रांगेतून मिसेस ट्रेविथिक म्हणाल्या. भोळी बाई, रोज सेवा म्हणून पोटीस तीच करायची. "अंड्याचा बलक आणि कांदा. मीच वाटते की!"

मग मी सगळं सांगून टाकलं. "अंड्यात आणि कांद्यात गंधक असतं. ते चांदीला लागलं की काळा थर चढतो. चांदीच्या चमच्यानं अंडं खाल्लंय का कधी? तसंच. नव्या नाण्यात चांदीच नाही, मग काळं कशाला पडेल? जुन्या डॉलरमध्ये दहा भागांत नऊ भाग चांदी. आज ती वितळवली तर तीन डॉलरच्या वर येतात. हा तुमचा जुना ठेवून घेतो आणि नवा देतो. आता कळलं, फुकट का करतो?"

ब्रदर पेटीकडे धावला. पण मिसेस ट्रेविथिक आधीच तिच्यावर फतकल मारून बसल्या होत्या. चांगल्या दणकट बाई. तो मागच्या दारानं रिकाम्या हातांनी पळाला.

लोक आपापले डॉलर शोधत असताना मिसेस ट्रेविथिकनी माझा हात धरला. "झोरा, माझ्या नवऱ्याच्या छातीला आता काय बांधू गं?"

मला रडू आलं. खाणीच्या धुळीनं गेलेली छाती परत आणणारं औषध नाही. म्हटलं, "बांधायला काही नाही. डॉक्टर दम कमी लागायचं औषध देतील, उद्या आपण दोघी जाऊ. पण खोटं बांधू नका." त्या रागावल्या नाहीत.

"ताई," स्टेवो मागून म्हणाला, "सुई आणलीयस?"

सगळ्यांसमोर त्यानं शर्ट वर केला आणि सुई टोचून घेतली. तिथून मी त्याला तडक दवाखान्यात नेलं. चार दिवस काढले तिथे, पण घरी आला.

तुम्ही देव मानता? खुशाल माना, माझं भांडण नाही. पण चमत्कार दाखवून जो तुमचं औषध बंद करायला सांगेल, त्याला तिथल्या तिथे विचारा: हे कशानं झालं? आजार नसलेल्यावर केलं तर होईल का? त्याला राग आला तर येऊ दे. विचारायला शिक्षण लागत नाही, भीड सोडावी लागते, आणि ती घरचं माणूस मरायच्या आधी सोडावी लागते.