सातवा अर्थ

शब्दकोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासणाऱ्या बाईंचं वय चौपन्न. पण त्यांना 'छोटी' म्हणणारा एक माणूस अजून जगात होता. तो त्यांचा थोरला भाऊ. बाई त्याला दादा म्हणायच्या. दादा त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला शर्टाची बटणं लावता यायची, पण कुठल्या बटणापासून सुरुवात करायची हे सांगावं लागायचं. आईवडील गेल्यावर एकवीस वर्षं त्याचं सगळं बाईंनीच केलं. नवरा, संसार वगैरे गोष्टी त्या नादात राहूनच गेल्या, आणि राहून गेल्या याचंही त्यांना कधी फारसं काही वाटलं नाही.

महिन्याभरापूर्वी न्हाणीघरात दादा घसरला. त्याला सावरताना बाईंच्या पाठीने दगा दिला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "यापुढे बादलीसुद्धा उचलायची नाही." मग धावाधाव करून दादाला अशा माणसांसाठी असलेल्या निवासात ठेवलं. पहिल्या दिवशी त्याला सोडून परत येताना आपण बसमध्ये रडू, अशी बाईंची खात्री होती. दोन रुमालही घेतले होते. एकही लागला नाही. घरी येऊन त्यांनी कपडे वाळत घातले आणि रेडिओ लावून बसल्या. बातम्या संपल्या, गाणी संपली, शेतीविषयक सल्लाही त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

त्यानंतर सगळं तसंच चाललं होतं. भूक लागायची, झोप यायची, पण कशाचाच स्पर्श आत पोचत नव्हता. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, तेव्हा गाल आपला असूनही आपला वाटत नाही, तसं.

शुक्रवारी त्यांच्यापुढे 'नॅचरल' या इंग्रजी शब्दाचं मुद्रित आलं. नैसर्गिक, स्वाभाविक, उपजत असे अर्थ ओळीने होते. त्याखाली जुने, वापरातून गेलेले अर्थ. पूर्वी 'नॅचरल' मूल म्हणजे पोटचं मूल, पुढे त्याचाच अर्थ लग्नाबाहेरचं मूल असा झाला. इथवर बाईंनी एक काना आणि दोन अनुस्वार दुरुस्त केले. मग सातवा अर्थ आला: 'नाम, जुना. वेडगळ, अर्धवट, ठोंब्या.'

त्या उठून संपादकांच्या टेबलापाशी गेल्या. "सर, हा सातवा अर्थ बरोबर आहे?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. शब्दाविषयी कोणी विचारलं की त्यांची कळी खुलायची. "शंभर टक्के. जुन्या इंग्रजीत जन्मापासून बुद्धीने कमी असलेल्या माणसाला नॅचरल म्हणायचे. निसर्गाने दिलं तेवढंच त्याच्याजवळ, वरून शिकवलेलं काही चिकटलेलं नाही, अशी कल्पना. 'काइंड'चंही तसंच बघा. आज आपण दयाळू म्हणतो, पण मुळात त्याचा अर्थ स्वाभाविक, आपल्या रक्ताला धरून. आपल्या माणसाशी मायेने वागणं हेच नैसर्गिक, असं त्या लोकांचं गणित. आणि 'अनकाइंड' म्हणजे मुळात निसर्गाला सोडून वागणारा."

"अच्छा," बाई म्हणाल्या आणि जागेवर येऊन बसल्या. त्या दिवशी सातव्या अर्थाला त्यांनी हात लावला नाही.

रविवारी त्या निवासात गेल्या. दादा लांब टेबलाशी बसून धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होता. शेजारी एक टकला गृहस्थ होता. तो एक टोक धरायचा, दादा दुसरं. टोकं जुळली की दोघं हसायचे.

"दादा, मी आले."

"छोटी," दादा म्हणाला. "आम्ही कामात आहोत."

"घडी घालायला कधी शिकलास?"

"हा शिकवतो."

तिथल्या मावशी हसून म्हणाल्या, "ताई, तुम्ही काळजी सोडा. पहिले दोन दिवस दाराकडे बघायचा. आता विचारतही नाही."

बाईंनीही हसून मान हलवली. एकवीस वर्षांत टॉवेल त्याच्या हातात द्यावा असं आपल्याला कधी सुचलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. वाईट वाटायला हवं होतं, निदान बरं तरी. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. काहीच आलं नाही. तेवढ्यात घंटा झाली आणि दादा उठला. "तू आता जा. आमची जेवायची वेळ झाली."

सोमवारी बाईंनी 'ठोंब्या' खोडला आणि सातवा अर्थ असा केला: 'जन्मतः अल्पबुद्धी असलेली व्यक्ती, (निंदार्थी) वेडगळ, अर्धवट.'

सर म्हणाले, "ठोंब्या का काढला? चांगला ठसठशीत शब्द आहे."

"ठोंब्या आळशालाही म्हणतात, सर. जन्मापासून बुद्धीने कमी असलेल्याला वेडगळ म्हणतात, अर्धवट म्हणतात. माझा भाऊ तसा आहे."

सरांचा चष्मा आपोआप खाली आला. "बाई, बावीस वर्षं आपण एका खोलीत बसतो. कधी बोलला नाहीत."

"विषय निघाला नाही."

सरांनी पेन उचललं. "मग हे दोन्ही शब्दही काढू. पहिला अर्थ पुरेसा आहे."

"नको. लोक म्हणतात ना? मग कोशात हवेत." बाईंचा आवाज टपाल कचेरीच्या खिडकीतून यावा तसा कोरडा होता. "फक्त निंदार्थी हे राहू द्या."

सरांनी मुद्रितावर सही केली.

बुधवारी मावशींचा फोन आला. दादाला घरची उशी हवी होती, इथली टोचते म्हणत होता. बाईंनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज भरला. कारणाच्या ओळीवर इतकी वर्षं त्या 'घरगुती' असं लिहायच्या. या वेळी 'भावाला उशी पोचवणे' असं लिहिलं.

सरांनी अर्ज दोनदा वाचला. "बसने जाणार?"

"हो."

"मग निघा लवकर. दुपारी गर्दी होते."