सुट्या गोळ्या मिळत नाहीत

"दहाचं मॅगझिन मला आज पाहिजे, सोमवारी नाही," काउंटरपलीकडचा माणूस पुन्हा म्हणाला, आणि या वेळी त्याने तळहात काचेवर आपटला. काचेखालच्या खणात मांडलेले चाकू खुळखुळले.

प्रमिला गायकवाडने आधी त्याच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "माल संपलाय. सोमवारी येईल."

"आणि तोवर कायदा आला तर?"

"तर मंत्र्याला फोन कर. कायदा मी नाही आणत."

तो पुटपुटत गेला. दारात कुणाला तरी ऐकवत गेला की, आता या लोकांनी आपल्याला सांगायचं, आपण किती गोळ्या भरायच्या ते. 'या लोकांनी' म्हणजे कोणी, हे प्रमिलाला कळलं. रांगेतल्या बाकीच्यांनाही कळलं, आणि सगळे छताकडे बघायला लागले.

सिडनीच्या पश्चिम टोकाला, जिथे घरं संपून कुंपणं आणि घोडे सुरू होतात, तिथे ग्रेगचं दुकान होतं. तंबू, गळ, बूट, आणि मागच्या अर्ध्या भागात बंदुका आणि गोळ्या. मागच्या महिन्यात शहरात गोळीबार होऊन माणसं मेली, तेव्हापासून नवे नियम येणार, अशी चर्चा होती. कोणाकडे किती बंदुका असाव्यात, आणि मॅगझिनमध्ये, म्हणजे बंदुकीला खालून लावतात त्या खोक्यात, पाच गोळ्या मावाव्यात की दहा. नक्की काय होणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे सगळंच विकत घेत होते. कोणी म्हणे रानडुकरांचा कळप आला की पाचात काय होतं. कोणी म्हणे क्लबच्या स्पर्धेत दहा लागतातच. डुकरांचं खरं होतं; एका रात्रीत मक्याचं शेत उलथंपालथं केलेलं प्रमिलाने फोटोत पाहिलं होतं. पण जे सगळ्यात मोठ्याने बोलत, त्यातल्या बऱ्याच जणांकडे शेत नव्हतं. त्यांच्याकडे दोन गाड्यांचं गॅरेज होतं.

प्रमिला पिंपरीची. एम. कॉम. झालेली. नवरा सुजित रेल्वेच्या सिग्नलचा इंजिनिअर. त्याच्या नोकरीमागे ती सिडनीतल्या टूनगॅबीत आली, तेव्हा तिच्या डिग्रीला इथे कुणी विचारलं नाही. ग्रेगच्या वडिलांनी हिशेबासाठी ठेवलं. म्हातारा भला होता. पुढे काउंटरवरची मुलगी सोडून गेली आणि प्रमिला तिथे उभी राहिली ती राहिलीच. आता तिला चोपन्नावं वर्ष चालू होतं. मुलगा सुयश युनिव्हर्सिटीत असताना मित्रांना सांगायचा, "Mum's in retail."

रविवारी विहारात कुणी विचारलं तर तीही तेच सांगे: कॅम्पिंगच्या सामानाचं दुकान आहे. पण पद्माताईंना खरं माहीत होतं. एकदा वंदना झाल्यावर चहा घेताना त्यांनी हळूच म्हटलं होतं, शस्त्रांचा व्यापार उपासकाने करू नये, असं स्वतः भगवंतांनी सांगितलंय, प्रमिला. ती म्हणाली, मी व्यापार करत नाही, पगार घेते. ते उत्तर तिला स्वतःलाच आवडलं नव्हतं, आणि त्या दिवसापासून तिला पद्माताईंचा थोडा रागच आला होता.

या सगळ्यात ग्रेगला नवी कल्पना सुचली होती. कौन्सिलच्या हॉलमध्ये नव्या नियमांवर सभा होती. तिथे प्रमिलाने दोन शब्द बोलावेत, असं त्याचं म्हणणं. बाई, बाहेरून आलेली, वर बौद्ध, पेपरवाल्यांना आवडेल. काय बोलायचं तेही त्याने सांगितलं होतं: आम्ही आमच्या गिऱ्हाइकांना नावानिशी ओळखतो, गडबड दिसली तर सगळ्यात आधी आम्हाला दिसते, सरकारने आकडे ठरवू नयेत. प्रमिला म्हणाली, बघू. मनातून ती चिडली होती. इतक्या वर्षांत तिचं बौद्ध असणं ग्रेगला पहिल्यांदाच उपयोगाचं वाटलं होतं.

तो काच आपटणारा आला त्याच दिवशी, शनिवारी दुपारी, कॉलिन आला.

कॉलिनची हॉक्सबरी नदीच्या अंगाला संत्र्या-लिंबांची बाग होती. सत्तरी उलटलेला, बुटका, कायम मातीच्या बुटांत. कोल्हे आणि डुकरं यांच्यासाठी तो गोळ्या नेई त्या मोठ्या खोक्यानेच. येताना एखाद्या पिशवीत लिंबं आणी आणि प्रमिलाला सांगे की, लोणचं कर, पण मला देऊ नकोस, मागच्या वेळचं अजून पोटात जळतंय. गेल्या हिवाळ्यात त्याची बायको गेली. तेव्हापासून लिंबं बंद झाली होती, येणंही कमी झालं होतं.

आज त्याने दाढी केली होती. इस्त्रीचा शर्ट घातला होता. बूट स्वच्छ होते.

प्रमिलाने विचारलं, कुठे लग्नबिग्न आहे का. तो हसला नाही. गोळ्यांची सगळ्यात लहान डबी मागितली. मग म्हणाला, "यापेक्षा कमी मिळतात का?"

"सुट्या गोळ्या मिळत नाहीत, कॉलिन. तुला माहितीये."

"हं. माहितीये."

रांगेतला प्रत्येक माणूस त्या दिवशी जास्त मागत होता. गाडीची डिकी भरेल एवढं मागत होता. आणि हा एकटा कमी मागत होता. प्रमिलाचा हात शेल्फकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने विचारलं, डुकरं कमी झाली का. तो म्हणाला, असतील, मी बघितलं नाही. कुत्री कशी आहे, विचारलं. ती शेजाऱ्याकडे दिलीय, तिला तिथे बरं वाटतं, म्हणाला. मग त्याने तिच्याकडे नीट पाहून म्हटलं, "तू माझ्याशी नेहमी चांगली वागलीस, प्रमिला. सांगायचं राहून गेलं होतं."

तिने हात शेल्फवरून खाली घेतला.

"ही डबी संपलीये," ती म्हणाली.

"तुझ्या मागे दिसतेय मला."

"ती बाजूला ठेवलेली आहे. दुसऱ्याची आहे."

"प्रमिला."

"मी नाही देणार, कॉलिन. आज नाही. चल, मागे बसू, चहा घेऊ."

त्याचा चेहरा लाल झाला. इतक्या वर्षांत त्याने तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. माझं लायसन्स आहे, माझं शेत आहे, माझी बंदूक आहे, तू कोण मला नाही म्हणणारी, असं तो मोठ्याने म्हणाला, आणि रांगेतले दोघे-तिघे लगेच त्याच्या बाजूने बोलायला लागले. ग्रेग आतून आला. काय झालं विचारलं. प्रमिलाने त्याला बाजूला नेलं आणि जेवढं जमेल तेवढं हळू सांगितलं. ग्रेगने ऐकलं, रांगेकडे पाहिलं, कॉलिनकडे पाहिलं. "इस्त्रीचा शर्ट घातला म्हणून?" त्याने विचारलं. आणि स्वतः जाऊन डबी काढून दिली. वर कॉलिनची माफी मागितली.

कॉलिन तिच्याकडे न बघता गेला.

कॉलिनची मुलगी लीसा ब्लॅकटाउनला एका डेंटिस्टकडे रिसेप्शनवर होती. गायकवाडांचं सगळं घर तिथेच दात दाखवायला जाई. प्रमिला दुकानाच्या मागच्या अंगणात गेली, रिकाम्या खोक्यांमध्ये उभी राहिली आणि तिथे फोन लावला. लीसा आधी वैतागली. डॅड ठीक आहेत, म्हणाली, काल बोलले मी. प्रमिलाने शर्ट सांगितला, डबी सांगितली. लीसा ऐकत होती. मग प्रमिला म्हणाली, "कुत्री त्याने देऊन टाकलीये, हे तुला माहितीये का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग लीसाने फोन ठेवला.

पुढे काय झालं ते प्रमिलाला तुकड्यातुकड्यांनी कळलं. लीसाने पोलिसांना फोन केला आणि स्वतःही गाडी काढली. कॉलिन व्हरांड्यात चहा पीत बसला होता. बंदूक समोर टेबलावर होती; साफ करायला काढली, म्हणाला. घर झाडलेलं होतं, फ्रिज रिकामा करून पुसलेला होता. पोलिसांनी बंदुका उचलून नेल्या, गोळ्या नेल्या, लायसन्स थांबवलं. डॉक्टरकडे जायला सांगितलं. कॉलिन लीसाला एवढंच म्हणाला की, त्या दुकानातल्या बाईला सांग, माझ्या वाटेला जाऊ नकोस.

सोमवारी ग्रेगने दुकान उघडायच्या आधीच तिला आत बोलावलं. आवाज चढवला नाही. ग्रेग चिडला की आवाज खाली आणायचा. गिऱ्हाइकाची गोष्ट तू बाहेर सांगितलीस, म्हणाला. पोलीस एका म्हाताऱ्याच्या घरी गेले, त्याच्या बापाची बंदूक घेऊन गेले. सगळ्या भागात बातमी पसरलीय. उद्यापासून माझ्याकडे कोण येणार?

"तूच सांगत होतास ना, सभेत बोल म्हणून," प्रमिला म्हणाली. "आम्ही आमच्या गिऱ्हाइकांना ओळखतो. गडबड आम्हाला आधी दिसते."

"ते नुसतं सभेत बोलायचं होतं, प्रमिला."

तो हे सहज बोलून गेला. त्यात खोट होती हे त्याच्या लक्षातही आलं नाही. प्रमिलाने काउंटरखालची तिची शाल घेतली, चहाचा मग घेतला. ग्रेग म्हणत होता, काही दिवस घरी राहा, वातावरण निवळू दे, मग बघू. तिने दुकानाची किल्ली त्याच्या समोर ठेवली.

"बघू नकोस," ती म्हणाली. "मी येत नाही."

घरी आली तेव्हा सुजित शिफ्टला निघायच्या तयारीत होता. त्याला आधी नोकरीचं वाईट वाटलं, मग तिचं. मग त्याने तेच विचारलं जे तिला स्वतःला दोन दिवस कुरतडत होतं: तो खरंच कोल्ह्यांसाठीच घेऊन चालला असेल तर?

"असेल."

"मग?"

"मग काही नाही. मला कसं कळणार? मी काय त्याच्या डोक्यात शिरले होते?" तिने चहाचा मग सिंकमध्ये आदळला. "पण तो ग्रेग काय म्हणतो, इस्त्रीचा शर्ट. टीव्हीवर ते दोघं पुढारी बसतात रोज. एक म्हणतो पाच, एक म्हणतो दहा. महिना झाला त्यांचं पाच, दहा, पाच, दहा. त्या माणसाला एक पुरली असती, सुजित. एक. त्याच्यावर कोण बोलतंय?"

सुजितने बूट घालता घालता हात थांबवला. "तू ओरडू नकोस," तो म्हणाला.

"का नको? मी तिथे इतकी वर्षं हळू आवाजात बोलले."

त्यानंतर तिचा राग गेला नाही. फक्त जागा बदलत राहिला. ग्रेगवर आला, त्या काच आपटणाऱ्यावर आला. विहारात पद्माताई म्हणाल्या, सुटलीस बघ, पुण्याचं काम झालं. प्रमिला त्यांच्यावर उखडली. पुण्य नका म्हणू, ताई, एका माणसाला मी त्याच्या गावात मान खाली घालायला लावलीय. पद्माताईंनी पहिल्यांदाच तिचा हात हातात घेतला. सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचाच येत होता. ज्याला डबी नाकारली तो एक तिला दिसला. ज्यांना इतकी वर्षं हसत हसत दिली, त्यातल्या कितींचे शर्ट तिने पाहिलेच नव्हते, कोण जाणे.

टूनगॅबी स्टेशनजवळच्या केमिस्टकडे तिला काम मिळालं. जुलैच्या थंडीत दाढ दुखायला लागली. तिने पुष्कळ टाळलं आणि मग एका सकाळी ब्लॅकटाउनला गेली.

लीसाने तिला पाहिलं, मान हलवली आणि डोळ्यांनीच खुर्च्यांकडे इशारा केला. कॉलिन तिथे बसला होता. टोपी मांडीवर, बूट मातीचे.

प्रमिला परत फिरली नाही. एक खुर्ची सोडून बसली. हीटरचा आवाज येत होता. कॉलिन समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला लागला.

"कोल्ह्याने सगळ्या कोंबड्या नेल्या," तो म्हणाला. "एक ठेवली नाही. शेजाऱ्याला बोलवावं लागतं. फाटकाशी उभा राहतो मी, आणि तो पोरगा येतो माझ्या शेतात बंदूक घेऊन. माझ्या. तो मला विचारतो, बरं आहे ना, कॉलिन? लहान मुलाला विचारतात तसं. सगळे तसंच विचारतात आता."

"ऐकलं मी."

"त्या गोळ्या कोल्ह्यांसाठीच होत्या."

"असतील."

"तुझा विश्वास नाही."

"नाही," प्रमिला म्हणाली. "आणि मी माफी मागणार नाही, कॉलिन. तुला चिडायचं तर चीड. मी पण चिडलेय. तू मला शेवटचं थँक यू म्हणून निघाला होतास."

तो वळला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. डोळे लाल होते, थकलेले होते, आणि त्यांत तिच्यासाठी काडीचीही माया नव्हती. तोंड उघडून तो काही बोलणार होता, तेवढ्यात लीसाने त्याचं नाव पुकारलं. तो उठला, टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली आणि आत गेला.

दार नीट लागलं नव्हतं. डेंटिस्ट समजावत होती की, ही दाढ आता काढलेलीच बरी, या वयात एवढा खटाटोप कशाला. मग कॉलिनचा आवाज आला. काढायची नाही, तो म्हणत होता, भरून दे. पाहिजे तेवढ्या वेळा येईन. डेंटिस्टने पुन्हा काहीतरी सांगितलं, आणि तो तिच्यावरही चिडला. दाढ माझी आहे, म्हणाला, मला चावायला लागते.

लीसा कीबोर्डवरचे हात तसेच ठेवून ऐकत होती. प्रमिलाने गालाला हात लावला. तिची दाढ ठणकत होती. आत तो अजून भांडत होता.